उतारावरचा तरवड

भोपाळमधला माझा पहिला घट बसला तो तरवडाच्या माळेवाचून. माझं माहेर सांगोल्याकडचं. आमच्याकडे नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते आणि तिच्यात तरवडाची पिवळी फुलं लागतातच. तिकडे ही फुलं शोधायला जावं लागत नाही. घराबाहेर पडलं की बांधावर, ओढ्याकाठी, सडकेच्या कडेला तरवडच तरवड. लग्नानंतर यांच्या बँकेतल्या नोकरीपायी मी कोटरा सुलतानाबादच्या दोन खोल्यांत येऊन पडले आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हातात पिशवी घेऊन गावभर हिंडले. फुलवाल्यांना हातवारे करकरून फूल समजावलं. त्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि झेंडू दिला. मी झेंडूची माळ घातली आणि देवीला म्हटलं, या वर्षी सांभाळून घे.

ज्यांनी तरवड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं झुडूप. जोडीजोडीनं लागलेली बारीक पानं, झुबक्यांनी येणारी पिवळीधमक फुलं, आणि नंतर चपट्या, कागदासारख्या शेंगा. म्हणजे हा आपल्या तुरी-हरभऱ्याच्या कुळातला, पण त्यांच्यासारखा लाडावलेला नाही. मुरमात, खडकाच्या भेगेत, जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे हा उभा असतो. शेळी त्याला तोंड लावत नाही. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला नेत. त्याच्या काड्यांनी आम्ही लहानपणी दात घासले आहेत.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'फुलांवर काहीतरी प्रसन्न लिहा' असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. एकतीस वर्षं मी इथल्या एका सरकारी रोपवाटिकेत पर्यवेक्षक होते. फुलांवर लिहायला माझ्याकडे ढीगभर आहे. पण त्या सगळ्यातलं हे एकच झुडूप माझ्या मनातून जात नाही, आणि त्याची हकिगत प्रसन्न नाही. ती लिहायची परवानगी द्याल तर लिहिते, असं मी संपादिकाबाईंना कळवलं. त्या बरं म्हणाल्या, म्हणून हे.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रोपवाटिकेत बी रुजवायचं, रोप काळ्या पिशवीत वाढवायचं आणि मग बाहेरच्या जगाची सवय लावून त्याला घालवून द्यायचं, एवढंच काम. त्यातलं हे शेवटचं सगळ्यात अवघड. जाळीच्या सावलीत, रोजच्या पाण्यावर वाढलेलं रोप एकदम उन्हात नेऊन लावलं तर मान टाकतं. म्हणून महिनाभर आधीपासून त्याचं पाणी तोडत न्यायचं, त्याला उघड्यावर ठेवायचं. दुसरी गोष्ट, रोप पिशवीत फार दिवस ठेवायचं नाही. मुळांना पुढे जायला वाट उरली नाही की ती आतल्या आत गोल फिरू लागतात. एकदा मूळ असं फिरलं की त्या झाडाचं काही खरं नाही. वरून हिरवंगार दिसतं, पण जमिनीत लावल्यावर ते तिला धरत नाही.

अशोका गार्डन कॉलनीतले एक गृहस्थ माझ्याकडून तीन जास्वंदी घेऊन गेले आणि सहा महिन्यांनी भांडायला आले. "आपके पौधों में दम ही नहीं है." मी म्हटलं, एक उपटून आणा. दुसऱ्या दिवशी घेऊन आले, तर झाड पिशवीसकट लावलेलं. लावताना पिशवी फाडायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी त्यांना चारचौघांत असं काही झापलं की ते पुन्हा आले नाहीत. आणखी एक बाई होत्या. त्यांना असं झाड हवं होतं की ज्याची पानं गळणार नाहीत, फुलं पडणार नाहीत आणि ज्यावर पाखरं बसणार नाहीत, कारण खाली त्यांची गाडी उभी असते. त्यांना मी प्लास्टिकच्या फुलांच्या दुकानाचा पत्ता दिला. माझी जीभ तेव्हा फार चालायची. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे ते दिवस होते.

हलके भैया रोपवाटिकेत माझ्या आधीपासून होते. गाव रायसेनच्या पुढे कुठेतरी. उंच, हडकुळे, कानाच्या मागे विडी. दैनिक वेतनावरचे मजूर, म्हणजे काम रोजचं पण नोकरी नाही. आले तर त्या दिवसाची मजुरी, आजारपण आणि म्हातारपण ज्याचं त्यानं बघायचं. अशा माणसांना सरकार अधूनमधून 'पक्कं' करतं. पक्का झाला की माणसाला पेन्शन मिळतं, मेल्यावर बायकोला मिळतं. हलके भैया वीस वर्षं त्या यादीची वाट पाहत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. पण वाफ्यांमधून नुसतं चालत गेले तरी कुठल्या रोपाला काय हवंय, काय नको झालंय ते सांगत. मी डिप्लोमाच्या जोरावर त्यांच्यावर पर्यवेक्षक झाले. कितीतरी गोष्टी त्यांच्याकडूनच शिकले, आणि तसं कधी बोलून दाखवलं नाही.

माझ्या निवृत्तीला तेव्हा दहा-बारा वर्षं असतील. शहराच्या कडेला टेकडी कापून एक नवा रस्ता काढला होता. कापलेला उतार उघडा पडला आणि दर पावसाळ्यात त्याची माती रस्त्यावर येऊ लागली. आमच्या साहेबांना तिथे असं काही लावायचं होतं की जे माती धरील, शेळ्या खाणार नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुलं दिसतील. बैठकीत कुणी कण्हेर म्हणालं, कुणी बोगनवेल. मी उभी राहिले आणि म्हटलं, तरवड. कुणालाच माहीत नव्हता. मी त्याचे गुण सांगत सुटले. साहेब म्हणाले, "ठीक है, आपकी ज़िम्मेदारी." इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं माझ्या गावचं झुडूप सरकारी कागदावर चढलं. त्या दिवशी मला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं.

बाहेर येऊन मी हलके भैयांना वर्णन करून सांगितलं. ते म्हणाले, "अरे मॅडम, ये तो आँवल है. हमारे गाँव की तरफ बहुत है." म्हणजे ज्याच्यासाठी मी इतकी नवरात्रं चुकचुकत होते ते दोन तासांच्या अंतरावर उभं होतं, आणि मी कधी विचारलंच नव्हतं. बी त्यांनीच आणलं. होळीला गावी गेले आणि येताना पोतंभर वाळक्या शेंगा घेऊन आले.

आता माझी चूक नीट सांगते. तरवड मी जन्मापासून पाहिला, त्याची फुलं खुडली, माळा ओवल्या. त्यामुळे तो मला कळतो असं मी धरून चालले. पण आमच्याकडे तरवड कुणी लावत नाही. तो आपला आपण येतो. तो लावायचा कसा हे सांगोल्यात कुणाला ठाऊक नाही आणि माझ्या पुस्तकांतही नव्हतं. हे कबूल करून मी कुणाला तरी विचारायला हवं होतं. मी त्याला जास्वंदीसारखा वाढवायला घेतला.

"मॅडम, इसको थैली में मत डालो," हलके भैया म्हणाले. "इसकी जड़ सीधी नीचे जाती है. बीज को पत्थर पे घिस के वहीं ढलान पे डाल दो. अपने आप निकलेगा."

"और खाद?"

"खाद काहे की? ये तो भूखा रहने वाला पौधा है. खिलाओगे तो मरेगा."

आजूबाजूला चार-पाच मजूर उभे होते. मी म्हटलं, "हलके भैया, डिप्लोमा आपने किया है या मैंने?" सगळे हसले. हलके भैयाही थोडंसं हसले. "हओ मॅडम," म्हणाले आणि पिशव्या भरायला बसले. हओ म्हणजे बरं, हो. इथला माणूस पटलं तरी हओ म्हणतो आणि पटलं नाही तरी हओच म्हणतो.

दोन हजार पिशव्या भरल्या. शेणखत, गाळाची माती, वाळू. तरवडाच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की साध्या पाण्याला ते दाद देत नाही, म्हणून बी गरम पाण्यात भिजवून घेतलं. रोपं अशी उठली की बघत राहावं. साहेब येऊन फोटो काढून गेले. लावणी जूनमध्ये व्हायची होती. पण ज्या पाहुण्यांच्या हस्ते ती करायची होती त्यांना वेळ मिळेना, म्हणून ती ऑगस्टवर गेली. दोन महिने रोपं पिशव्यांतच राहिली. मुळं आत गोल फिरत असणार, हे मला कळत होतं. अशोका गार्डनच्या त्या गृहस्थांना मी ज्यावरून चारचौघांत झापलं, तेच माझ्या दोन हजार पिशव्यांत चाललं होतं. पण साहेबांना तारीख बदला म्हणायची माझी छाती झाली नाही.

उतारावर आम्ही मुरमात खड्डे खणले आणि काळी माती, खत घालून भरले. मुरूम कडक, त्यात काळी माती, म्हणजे प्रत्येक खड्डा एक वाडगा झाला. लावणीनंतर पावसानं आठ-दहा दिवस उघडीप दिली तेव्हा मी हुकूम सोडला, रोज पाणी, न चुकता. हलके भैया एकदा म्हणाले, "गड्ढे में पानी रुक रहा है, मॅडम." मी म्हटलं, जितना बोला उतना करो. त्यांनी तितकंच केलं. रोज टँकरबरोबर जायचे, एकेका खड्ड्याशी वाकून पाइप धरायचे. मग पुन्हा पाऊस लागला तो थांबेचना.

त्या नवरात्रात मी घटाला माझ्या स्वतःच्या रोपांची फुलं घालणार होते. तसं शेजारपाजारी सांगूनही ठेवलं होतं. एक फूल आलं नाही. दिवाळीपर्यंत उतारावर नुसत्या तपकिरी काड्या उरल्या. मी एकटी जाऊन एक रोप उपटून पाहिलं. मूळ जिलबीसारखं गोल फिरलेलं होतं आणि टोकाशी काळं पडून कुजलं होतं. हातात धरलं तर त्याला नाल्याचा वास येत होता. मी ते तिथेच टाकलं आणि हात साडीला पुसले.

साहेबांनी बोलावून घेतलं. "कारण लिख के दीजिए." ज्यांच्या हातून असं काही होतं त्यांची बदली पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, डिंडोरीकडे होते, असं बाहेर बाबू लोक बोलत होते. यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मला भोपाळ सोडणं शक्य नव्हतं. ही मी सबब सांगत नाही, घडलं ते सांगते. मी लिहिलं, 'सिंचाई कार्य में श्रमिक की लापरवाही.' मजुराचा निष्काळजीपणा. ज्या माणसानं माझा हुकूम एक दिवस मोडला नाही त्याच्याबद्दल मी हे लिहिलं. मनाशी म्हटलं, नाव कुठे लिहिलंय? मजूर म्हणजे कुणीही.

कागद परत आला. वर लाल शाईत विचारलं होतं, श्रमिक का नाम? मी पेन उघडलं. खिडकीतून हलके भैया दिसत होते. शेवंतीच्या कुंड्यांना झारीनं पाणी घालत होते. मी नाव लिहिलं. सरकारी पद्धतीनं, बापाच्या नावासकट पूर्ण.

डिसेंबरात पक्कं करायच्या मजुरांची यादी लागली. आमच्याकडचे चौघे पक्के झाले. हलके भैयांचं नाव सगळ्यात वर असायला हवं होतं, ते कुठेच नव्हतं. त्यांच्यानंतर सात वर्षांनी आलेला माणूस पक्का झाला, त्यानं पेढे वाटले. हलके भैयांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा घरी न्यायला कागदात बांधला. मला नेहमीसारखा हात जोडून नमस्कार केला. माझ्या त्या कागदामुळे नाव गळलं का, असं कुणी मला विचारलं नाही. हलके भैयांना काही ठाऊक नसणार, अशी मी माझी समजूत घातली. माझी बदली झाली नाही.

त्या रस्त्यानं जायचं मी टाळू लागले. पुढे दोन वर्षांनी, पितृपक्षात, बस दुसरीकडून वळवली होती म्हणून नाइलाजानं तिथून जावं लागलं. खिडकीतून वर बघितलं तर उताराच्या माथ्याशी पिवळं काहीतरी. पुढच्या थांब्यावर उतरून मी उलटी चालत आले आणि चप्पल हातात घेऊन उतार चढले. तरवड होता. फुलांनी लगडलेला. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "जगली की गं!" माझी रोपं जगली, असं वाटून मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग खाली पाहिलं. माझे खड्डे तिथे रांगेत तसेच होते, गवत माजलेले, रिकामे. ही झुडपं वरच्या पट्ट्यात होती, जिथे कुदळ चालत नाही म्हणून आम्ही जागा सोडून दिली होती. रांग नाही, अंतर नाही. जिथे भेग तिथे झुडूप. हे कुणी लावलेलं नव्हतं, पेरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हलके भैयांना विचारलं, "वो ऊपर वाला आँवल आपने लगाया?"

"लगाया नहीं, डाला है. बीज बच गया था न."

"कब डाला?"

"लिस्ट लगी थी, उसी हफ्ते."

ज्या आठवड्यात त्यांचं नाव यादीत आलं नाही, त्या आठवड्यात हा माणूस उरलेलं बी खिशात घालून तो उतार चढला होता. मी विचारलं, कशासाठी? ते म्हणाले, "बीज का क्या कसूर था, मॅडम."

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. कार्यालयात साहेब बदलून गेले होते, कागद दुरुस्त करता आला असता, पुढच्या यादीला अवकाश होता. मी म्हटलं, "अच्छा किया," आणि खतांच्या खोलीत जाऊन उगाच पोती मोजत बसले. पुढच्या यादीच्या वेळी जुना शेरा बघून त्यांचं नाव पुन्हा मागे पडलं. मी तेव्हाही गप्प बसले. एकदा गप्प बसलं की पुढच्या वेळी ते सोपं जातं.

तेव्हापासून माझ्या घटाला दर वर्षी त्या उतारावरचा तरवड आहे. हलके भैया तिथेच खालच्या वस्तीत राहतात. मी सकाळी पिशवी घेऊन गेले की बऱ्याचदा ते वर असत. वाळलेल्या शेंगा गोळा करून ते अजून उघड्या राहिलेल्या जागी बी टाकत जायचे. मला हात पोचत नसे तिथली फांदी ते वाकवून धरत, मी फुलं खुडायची. घरी येऊन माळ ओवायची, घटावर चढवायची, आरती म्हणायची. ओवताना दर वर्षी ठरवायची, उद्या गेले की सांगते. नऊ दिवस संपायचे.

हलके भैयांची साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा एक शाल आणि झेंडूचा हार देऊन त्यांना निरोप दिला. निरोपाचं भाषण मीच केलं, आणि चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

मला निवृत्त होऊनही आता चार वर्षं झाली. या श्रावणात बिट्टन मार्केटला भाजी आणायला गेले होते. तिथे कोपऱ्यावर एक खासगी झाडवाला बसतो. एका गाडीत मोठी कुंडी चढवायची होती आणि एक म्हातारा ती उचलायला बघत होता. मालक बसल्या जागेवरून ओरडला, "ए बाबा, ज़रा हाथ चलाओ!" म्हातारा वळला, तर हलके भैया. पासष्टीच्या पुढचा माणूस. कंबर पूर्ण सरळ होत नव्हती. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि कुंडीची दुसरी बाजू धरली. कुंडी गाडीत गेली. गाडी निघून गेली. मी तिथेच म्हणाले, "हलके भैया, वो रिपोर्ट मैंने लिखी थी."

त्यांनी हाताची माती झटकली. "मालूम है, मॅडम."

"कब से?"

"उसी टाइम से. बाबू ने पढ़ के सुनाई थी. हमारा पूरा नाम था, बाप का भी. दस्तखत आपके थे."

ते नेहमीच्याच आवाजात बोलत होते, एखाद्या वाफ्यात पाणी जास्त झालंय हे सांगावं तसं. "आप हर नवरात्रि में फूल लेने आती थीं. हम डाली पकड़ते थे. हर साल सोचते थे, इस बार बोलेंगी."

मी भाजीच्या गर्दीत उभी राहून रडले. लोक वळून बघत होते. मला वाटत होतं की त्यांनी चिडावं, चार शिव्या द्याव्यात. ते थांबून राहिले, माझं रडणं आवरेपर्यंत. मग मी विचारलं, "अब मैं क्या करूँ?"

"जो पहले किया था वही करो," ते म्हणाले. "लिख दो. इस बार सही लिख दो."

मी लिहिलं. जुन्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. रोपं माझ्या चुकीनं मेली, मजुराचा त्यात काही दोष नव्हता, मी खोटा अहवाल दिला, असं त्यात स्पष्ट होतं. घरून निघताना हे म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग? उद्या तुझ्याच पेन्शनवर आलं म्हणजे?" मी म्हटलं, येऊ दे. त्या पेन्शनमधला घास आताशा मला नीट गिळवत नाही. कार्यालयातला नवा बाबू सभ्य होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आंटी जी, इतनी पुरानी फाइल तो शायद मिले भी नहीं." पोच म्हणून शिक्का मारून दिला. त्यानंतर मी तीनदा जाऊन आले. अजून काही कळलेलं नाही. काही होईल असं मला वाटत नाही, पण मी जात राहणार आहे.

तो कागद कुठल्या कपाटात जाऊन पडेल, कोण जाणे. म्हणून या अंकात लिहिलं. गेल्या आठवड्यात हा मजकूर घेऊन मी हलके भैयांच्या घरी गेले आणि वाक्यावाक्याचं हिंदी करून त्यांना वाचून दाखवला. त्यांच्या बायकोनं चहा दिला. ती दाराशी बसून ऐकत होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. हलके भैया मात्र मन लावून ऐकत होते. त्यांनी एकाच ठिकाणी मला अडवलं. बी दगडावर घासायचं, ते बरोबर आहे. पण कुठल्याही दगडावर नाही. "खुरदरे पत्थर से बीज की आँख छिल जाती है, मॅडम. नदी का गोल पत्थर चाहिए. हल्के हाथ से, बस चमक जाने तक." हे लिहा, म्हणाले, कुणाला लावायचा असेल तर कामाला येईल. ते लिहिलं.

यंदा घट बसायला अजून तीन आठवडे आहेत. इतक्या वर्षांत मी फुलं न विचारता नेली होती. या वेळी विचारलं, "इस साल फूल ले जाऊँ?"

त्यांनी दाराबाहेर उताराकडे पाहिलं. "ले जाना. ऊपर की डालियाँ छोड़ देना, बीज के लिए."

मी कागदांची घडी घातली आणि उठले. ते दारापर्यंत आले. "इसमें हमारा नाम क्या लिखा है?"

"हलके भैया."

"उस कागज़ पे तो पूरा लिखा था," ते म्हणाले.

बरोबर आहे. तर पूर्ण लिहिते. त्या उतारावरची जी रोपं मेली, ती माझ्या हुकमानं मेली. जी जगली, ती हलकेराम वल्द भोलाराम यांनी पेरली.